रामाकोन्याला सांगायचं राहिलेलं

माझ्या मित्रानं संत्र्याचे तीन बगीचे दारूत घालवले, असं पांढुर्ण्यात कुणीही सांगेल. ते खोटं आहे. तो थेंबभरही पीत नव्हता. हे मला माहीत होतं, आणि तरी ही गोष्ट पक्की होण्यात माझाच हात आहे.

बगीचे त्यानं आमच्यावर घालवले. बहाराचा सौदा झाला की बगीच्यात गोवऱ्यांवर रोडगे भाजले जायचे. आम्ही मास्तर, व्यापारी, तहसीलमधले बाबू बोलावण्याआधीच हजर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक होते, त्या गोटमारीला त्याच्या नदीकाठच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. कुणाचं दुकान, कुणाच्या पोराची ॲडमिशन, सगळ्यांना त्यानं दिलं. माझ्या घराचा स्लॅब त्याच्याच पैशानं झाला. त्यानं परत मागितलं नाही, आम्ही विषय काढला नाही. तिसरा बगीचा विकला त्या वर्षी गोटमारीला गच्चीवर तो आणि त्याची मुलगी दोघंच होते. मी नदीपलीकडे, सावरगावच्या बाजूला उभा होतो.

त्यानंतर मुलीला रामाकोन्याचं स्थळ आलं. चौकशीसाठी त्यानं माझंच नाव दिलं. मुलाचा काका माझ्या घरी आला, चहा घेतला आणि विचारलं, "माणूस पेते काय, मास्तर?"

नाही म्हटलं असतं, तर पैसा गेला कुठं, हे त्यानं विचारलं असतं. मी म्हणालो, "मी काय सांगू? तुमीच पाहून घ्या."

स्थळ मोडलं. ‘पीत नाही’ असं मास्तरही म्हणाले नाहीत, हे गावभर झालं. पुढं मुलीनं लग्नाचा विषयच बंद केला. ती सौंसरला शाळेत शिकवते.

यंदा तो गेला. तेरवीला जेवताना कुणीतरी हळहळलं, दारूनं चांगला माणूस खाल्ला. मी पंगतीतून उठलो आणि म्हणालो, "तो पेत नव्हता. त्याचं आमी खाल्लं." समोरच्या दोघांनी माना खाली घातल्या. त्यांची नावं मी घेतली नाहीत, माझं घेतलं.

हात धुताना मुलगी जवळ आली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "काका, मले तं माहीतच होतं. हे रामाकोन्याच्या पाहुण्यायले सांगाचं होतं."

चार दिवसांनी मी बसनं रामाकोन्याला गेलो. मुलाचा काका हयात आहे, पण त्याला ऐकू कमी येतं. दोनदा सांगून त्याला कळेना, तेव्हा अंगणात उभं राहून मी शाळेतल्या आवाजात सगळं सांगितलं : तो पीत नव्हता, मी तुमच्याशी खोटं वागलो, त्याच्या पैशाचं घर मी बांधलं. शेजारच्या बाया दारात आल्या.

"आता कायले सांगून राहिले, मास्तर?" तो म्हणाला. "पोराचं लगन होऊन जमाना झाला."

मी म्हटलं, उपयोग नाही हे मला ठाऊक आहे.

स्टँडवरून मी मुलीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लोकायनं ऐकलं?"

"पुऱ्या गल्लीनं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.