परत करणारा बर्गी

केळ्याची साल हातात घेऊन मिनीबसचा पाठलाग करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला मागे टाकील अशी मिनीबस अजून बनायची आहे.

बँकेने माझी कोलकात्याला नुकतीच बदली केली होती. शाखा सियालदहजवळ, आणि घराचा अजून पत्ता नव्हता. संध्याकाळी घरं बघत बसने हिंडत होतो. शेजारच्या सीटवरच्या सोनेरी काड्यांच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी केळं संपवलं आणि साल खिडकीबाहेर अशी सोडली, जसा एखादा महाराजा हत्तीवरून दान सोडतो. दोन चौक गेले असतील. मागून बसच्या पत्र्यावर धाडधाड थापा पडल्या. कोलकात्यात ड्रायव्हर एक वेळ ब्रेकला जुमानणार नाही, पण पत्र्यावरच्या थापेला जुमानतो. बस थांबली. ताडासारखा उंच, कॅनव्हासचे बूट घातलेला एक म्हातारा वर चढला. त्याने ती साल दोन्ही हातांच्या ओंजळीत नैवेद्यासारखी धरली होती. चष्मेवाल्यांपुढे तो अदबीने वाकला.

"दादा, आपनार जिनिश पोडे गेछे."

म्हणजे, दादा, तुमची वस्तू पडली होती. आवाजात टोमणा नाही, राग नाही. एखाद्याचं पाकीट परत करावं तसा निर्मळ आनंद. अख्खी बस बघत होती. गृहस्थांनी साल घेतली, इकडे तिकडे पाहिलं आणि शेवटी ती स्वतःच्या चामडी बॅगेत ठेवून दिली. माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. म्हातारा गर्रकन वळला. "मराठी? अहो, मग उतरा की. चला, चहा खाऊ." बंगाली माणूस चहा आणि पाणी दोन्ही खातो, आणि तीन पिढ्या कोलकात्यात काढलेल्या गजानन खांबेट्यांची मराठीही तेच खात असे. चहा खाऊन संपेपर्यंत मी त्यांच्या वरच्या मजल्याचा भाडेकरू झालो होतो.

खांबेटेकाकांची सगळी नोकरी बजबज नावाच्या गावातल्या एका तेल डेपोत गेली. रोज लोकलने जायचं, लोकलने यायचं. असं सांगतात की ते ज्या डब्यात बसत त्या डब्यातले प्रवासी भाजक्या शेंगा टरफलांसकट गिळत. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यांनी सांगितलं त्यांची पचनं खरोखरच बिघडलेली होती.

बंगालात मराठी माणसाला गमतीने बर्गी म्हणतात. कुठल्या काळी आपले घोडेस्वार इकडे लुटालूट करायला आले होते, आणि तेव्हापासून इथल्या आया न झोपणाऱ्या पोरांना बर्ग्यांची भीती घालतात. दुसऱ्या कोणाला ते नाव लागलं असतं. काकांनी ते पदवीसारखं मिरवलं. रस्त्यात कोणाच्या हातून चहाचं मातीचं कुल्हड, मुरीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, कागदी ठोंगा, नाहीतर सिगारेटचं पाकीट पडलं की काका ते उचलून मालकाच्या हातात देत. मालक चिडला तर म्हणत, "रागावू नका हो. मी बर्गी. आमच्या पूर्वजांनी तुमचं पुष्कळ नेलं. मी आपला थोडं थोडं परत करतोय." यावर चिडून राहणारा बंगाली मला भेटला नाही. हसत हसत तो वस्तू परत घेई आणि पुढच्या वळणावर पुन्हा टाकी. मग काका पुन्हा धावत.

गल्लीला वाटे, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड आहे. मला त्यांच्या घरात राहून कळलं की वेडबिड काही नाही. त्यांना एक खिडकी उघडायची होती.

खांबेटेकाकू कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची खाट तळमजल्यावरच्या ज्या खोलीत, त्या खोलीला एकच खिडकी. जुन्या हिरव्या लाकडी पट्ट्यांची झडप असलेली, थेट गल्लीवर उघडणारी. खिडकीपलीकडे हाताच्या अंतरावर शिउलीचं, म्हणजे आपल्या प्राजक्ताचं झाड. काकूंनी लग्न होऊन आल्यावर लावलेलं. आणि झाडाच्या बुंध्यापासून थेट खिडकीच्या कठड्यापर्यंत, गल्लीचा कचरा. इथे कचराकुंडीला भॅट म्हणतात, पण कुंडी कधीच बुडाली होती आणि वर फक्त पर्वत उरला होता. मी अतिशयोक्तीच्या विरुद्ध आहे, म्हणून एवढंच सांगतो की त्या पर्वताच्या माथ्यावर बसणारे कावळे खालच्या कावळ्यांपेक्षा वेगळ्या हवामानात राहत.

त्यामुळे खिडकी कायमची बंद. दुर्गापूजेच्या दिवसांत शिउली फुले, अख्ख्या गल्लीला तिचा वास जाई. काकूंना मात्र फिनेलचा. "माझं झाड मला परकं झालं हो," असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या.  काका बूट घालून बाहेर पडले, आणि तेव्हापासून थांबले नाहीत. पण गल्लीत कोणापाशी त्यांनी काकूंचं नाव काढलं नाही. घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, हा त्यांचा कोकणी बाणा तीन पिढ्यांच्या बंगाली मासळीनेही मऊ झाला नव्हता. काकू आजारी आहेत हे गल्लीला ठाऊक होतं. त्या कुठल्या भिंतीआड निजतात हे कोणाला ठाऊक नव्हतं.

पालिकेचा गाडीवाला रोज सकाळी शिट्टी वाजवत येई. पण शिट्टी ऐकू येऊन, बादली सापडून, माणूस जिना उतरेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत. मग पिशवी भॅटवर. समोरच्या घोषगिन्नी, म्हणजे घोषबाई, तर तेवढेही कष्ट घेत नसत. दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून, रस्त्याकडे न बघता, पिशवी सोडत. नेम असा की त्यांना लहानपणीच कोणी क्रिकेटमध्ये घातलं असतं तर देशाचं भलं झालं असतं. एकदा काकांनी ती पिशवी खालच्या खाली झेलली. आत इलिशचे काटे. इलिश म्हणजे बंगाल्याच्या घरात मासा नव्हे, दागिना. काका जिना चढून गेले. घोषगिन्नी म्हणाल्या, ही पिशवी आमची नव्हेच. काकांनी मान डोलावली. शेजारपाजारचे दारात जमलेच होते. मग काका हळहळून म्हणाले, "मलाही तेच वाटलं. चांगल्या घरात इलिशचं डोकं कोणी टाकून देत नाही."

"डोकं?" घोषगिन्नी उसळल्या. "माझ्या स्वयंपाकघरातून? डोकं मी काल अळूच्या भाजीत घातलं! बघा, उघडा पिशवी, डोकं दिसलं तर सांगा!"

काकांनी पिशवी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "आपनार जिनिश."

जिन्यात जो हशा पिकला त्याने म्हणे तिसऱ्या मजल्यावरचं घड्याळ चालू झालं. घोषगिन्नींनी पिशवी घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या काका आंघोळीला गेल्यावर पिशवी सोडू लागल्या.

पूजा जवळ येत होती. झाडावर कळ्या धरल्या होत्या. तेव्हा मी काकांना सुचवलं, की काका, आपल्याकडचा उपाय करा. दगड ठेवा, शेंदूर फासा. देवाच्या अंगावर कोण कचरा टाकील? काकांना पटत नव्हतं. "देवाला चौकीदार करायचं?" असं पुटपुटत दोन दिवस फिरले. मग खिडकीकडे पाहिलं आणि नदीकाठाहून एक गोल दगड घेऊन आले. गाडीवाल्याला हाताशी धरून त्यांनी तो पर्वत हलवला, जागा धुतली, बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड मांडला. रातोरात गल्ली बदलली. लोक चप्पल काढून कोपऱ्यावरून जाऊ लागले. भिंतीतला जुना वास निघून गेला, की महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, पहाटे खिडकी उघडायची असं काकांनी ठरवलं. काकूंनी त्या दिवसासाठी नवी साडी काढायला लावली. मी दिवसभर असा हिंडत होतो जसा काही दगड मीच घडवला.

पण आम्ही दोघे मराठी, आम्हाला दगड ठेवल्यावर काय होत नाही ते माहीत. बंगालात काय होतं ते माहीत नव्हतं. देव आला म्हटल्यावर आधी फुलं आली. मग नारळ. मग गल्लीने मनाशी म्हटलं, घरातली भंगलेली लक्ष्मी, गेल्या सालची कॅलेंडरं, तडा गेलेली शंकराची तसबीर, लग्नातले सुकलेले हार, हे सगळं आजवर टाकायचं कुठे हा प्रश्नच होता. आता देवाची जागा झाली. आठवडाभरात दगड दिसेनासा झाला. पर्वत पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी तो पवित्र होता. गाडीवाल्याने हात जोडले. म्हणाला, बाबू, कचरा असता तर उचलला असता, हे ठाकूरचं, देवाचं आहे. कुजलेल्या झेंडूला उदबत्तीचा धूर मिळाला की जो वास होतो, त्यापुढे इलिशचे काटे म्हणजे अत्तर.

महालयाची पहाट झाली. काका काकूंच्या खाटेशी बसले होते. मी चहा घेऊन खाली आलो होतो. नवी साडी घडीची घडी उशाशी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांच्या पायांत बूट नव्हते.

"हरलो ग," काका म्हणाले.

काकू छताकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "खिडकी उघडा."

"अगं, वास..."

"येऊ दे. कधीपासून ही बंद आहे. बाहेरून बघणाऱ्याला ही भिंतच दिसते. भिंतीपाशी लोक कचरा टाकणारच. इथे माणूस निजतं हे त्यांना कोणी सांगितलंय? सगळ्यांचं सगळं परत केलंत तुम्ही. आपलं काय हरवलंय, ते एकदा तरी कोणाला सांगितलंत?"

 काका उठले. झडपा फुगून चौकटीत रुतल्या होत्या. मी खांदा लावला, काकांनी खांदा लावला, आणि गणेशाच्या वजनाखाली उंदीर ओरडावा तसा आवाज करत खिडकी उघडली. वास असा आत आला की माझ्या हातातला चहा त्या दिवशी मी खाल्ला नाही आणि प्यायलोही नाही. काकूंनी नाकाला पदर लावला नाही. तीन उशा पाठीशी घ्यायला लावल्या, नवी साडी अंगावर पांघरून घेतली, आणि कठड्यावर कोपर टेकून बसल्या.

पहिल्या आल्या घोषगिन्नी. आंघोळ करून, निर्माल्याची पिशवी घेऊन. पिशवी टाकायला हात वर गेला, आणि समोर हाताच्या अंतरावर काकूंचा चेहरा.

"कोण, घोषगिन्नी का?" काकू बंगालीत म्हणाल्या. "किती दिवसांनी दिसलीस ग. बारीक झालीस."

हात तसाच वर राहिला. "दीदी, तुम्ही इथे असता?"

"सगळा वेळ इथेच."

घोषगिन्नींनी काकूंकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, मग मान वर करून स्वतःच्या सज्जाकडे पाहिलं. तिथून इथपर्यंतचं अंतर त्या पहिल्यांदा मोजत होत्या. मग त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि त्या घराकडे वळल्या.

दुपारपर्यंत गल्लीतल्या क्लबची पोरं पूजेच्या मंडपाचं काम टाकून आली. भंगलेले देव घोषगिन्नींनी स्वतः टोपलीत घालून देवळात नेले, फुलं क्लबच्या बागेत खड्डा खणून पुरली, बाकीचं गाडीवाल्याने मुकाट नेलं. दगडाचं काय करायचं हा प्रश्न आला. काका म्हणाले, जिथून आणला तिथे परत करतो. काकू म्हणाल्या, वाऱ्याने झडप आपटते, तो इथे कठड्यावर ठेवा. तेव्हापासून त्या देवाने खिडकी मिटू दिली नाही.

पुढे काकूंनी गल्लीचा कारभारच हातात घेतला. गाडीवाल्याची शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे वाजली की त्यांना ऐकू येई, आणि त्या खिडकीतून नावानिशी हाका मारत. ज्यांना उशीर होई त्यांच्या झाकणाच्या बादल्या काका आपल्या व्हरांड्यात ठेवून घेत. जे कोणी सुधारलेच नाहीत, ते आपल्या पिशव्या पुढच्या वळणावर नेऊन टाकू लागले. काकांनी पुन्हा बूट घातले. त्यांना त्याचं वाईट वाटलं असं मला दिसलं नाही.

पुढच्या वर्षी शिउली फुलली तेव्हाच माझी नागपूरला बदली झाली. काका हावड्याला पोचवायला आले. काकूंनी पहाटे खिडकीतून हात लांब करून वेचलेली फुलं, वर्तमानपत्राच्या ठोंग्यात बांधून माझ्यासाठी दिली होती. सामानाच्या गडबडीत ठोंगा फलाटावरच्या बाकावर राहिला. गाडी सुटली, आणि मागून डब्याच्या पत्र्यावर धाडधाड थापा पडल्या. दारात येऊन पाहतो तर काका धावताहेत, ओंजळीत ठोंगा.

"दादा," धापा टाकत, हसत ते म्हणाले, "आपनार जिनिश."

ठोंगा माझ्या हातात आला आणि फलाट संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं कोमेजून तपकिरी झाली होती. नागपूर यायला अवकाश होता. मी ती रुमालात काढून घेतली आणि ओला, फाटका ठोंगा घेऊन दारापाशी गेलो. बाहेर मोकळं रान होतं, कुत्रंसुद्धा बघत नव्हतं. मी हात बाहेर काढला. सहज मागे, रुळांकडे नजर गेली. बंगाल कधीच मागे पडला होता, गाडी पूर्ण वेगात होती. पण त्या माणसाचा काय भरवसा.

मी हात आत घेतला.