पेटंटची धमकी आणि कान्हे स्टेशनच्या बाई

लोणावळा-पुणे लोकलमध्ये त्या बाई कान्हे स्टेशनला चढल्या, समोर बसून शेंगा सोलू लागल्या आणि निम्मे दाणे न विचारताच माझ्या हातावर ठेवले.

"चेहरा का पडलाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. सगळ्यांना फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अक्षरं ठसठशीत दिसावीत म्हणून मी कोड लिहिला होता. ती युक्ती आमच्या पेटंटमधली आहे, काढा नाहीतर कोर्टात या, असं एका परदेशी कंपनीनं कळवलं होतं. मी तो काढणारच होतो.

बाई खळखळून हसल्या. "मी पेटंटचीच वकील हाय. लगीच काय घाबरताय? त्यांच्या आधी कुणी ही युक्ती जगाला दाखवली असंल, तर पेटंट टिकायचं न्हाई. शोधा की!"

कपाळावरचा चष्मा पर्समध्ये शोधत त्या देहूरोडला उतरल्या.

मी शोधलं. पेटंटच्या कितीतरी आधी एका विद्यार्थ्यानं तीच युक्ती इंटरनेटवर मांडली होती. पुरावा पाठवल्यावर कंपनीनं माघार घेतली.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोडखाली आभार मानताना मी नुसतं 'वकीलबाई' लिहिलं. आता परदेशातली मंडळी विचारतात, हे आडनाव कुठलं?