डेअरीत आलेली उंदरांची खबर

उंदरांना दमा आणणं हे माझं काम आहे, हे सणसरमध्ये कुणाला पटवणं म्हणजे दिव्यच. उसातल्या उंदरांनी जीव नकोसा केलेलं गाव ते. "मारायचं सोडून खोकवती व्हय त्यास्नी?" शेजारचे आबा विचारायचे, आणि मी खुशाल "व्हय" म्हणायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात संशोधन करत होते. पांढऱ्या उंदरांना आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकाची अ‍ॅलर्जी करायची, मग त्याचाच फवारा हुंगायला द्यायचा. श्वासनळ्या सुजायच्या, बिचारे धापा टाकायचे. आमच्या तात्यांसारखेच. गळीत हंगाम सुरू झाला की वडिलांच्या छातीतून शिट्ट्या येऊ लागायच्या. त्या ऐकूनच मी या विषयाच्या नादी लागले होते.

माझं काम ज्या रिसेप्टरवर होतं तो म्हणजे काय, ते तात्यांना मी असं सांगितलं होतं: अंगात पहारा करणाऱ्या पेशींना दाराला असते तशी कडी असते. निरोप आला की ती वाजते, पेशी खवळतात आणि साध्या धुळीवरही चोर आल्यासारख्या तुटून पडतात. त्या मारामारीत नळीच सुजते. मी त्या कडीला औषधाचं फडकं बांधायला निघाले होते. दोनदा तोंडावर आपटले. औषध दिलेले काय नि न दिलेले काय, सगळे उंदीर सारखेच सुजले. तेव्हा तात्यांनी निक्षून सांगितलं, "ह्या बारीला न्हाय जमलं तर गुमान घरी यायचं. लगीन करायचं."

तिसऱ्या बारीचा निकाल लागायचा होता तेव्हा मी चुलत बहिणीच्या लग्नासाठी गावी आले होते. प्रयोगशाळेतली मैत्रीण काचपट्ट्यांवरच्या पेशी मोजून संध्याकाळी दूध डेअरीत फोन करणार होती, कारण आमच्या भागात फोन तेवढाच. ऐन दूध घालायची वेळ. किटल्या घेऊन अर्धं गाव रांगेत, तात्याही रांगेत.

फोन वाजला. "सूज किती?" मी ओरडलेच. अख्खी रांग फोनकडे सरकली. "औषध दिलेल्यांना जवळजवळ नाहीच? परत सांग! आणि बाकीच्यांना भरपूर? नक्की ना?"

रिसीव्हर आपटून मी अशी उडी मारली की सचिवांच्या टेबलावरचं दुधाचं माप खणखणत खाली गेलं. "उंदरांना दमा झाला न्हाय!"

अभिनंदन करावं की सांत्वन, कुणालाच कळेना. शेवटी आबा म्हणाले, "म्हंजी जमलं का बिघाडलं?"

"जमलं, आबा, जमलं!"

मग काय, टाळ्याच टाळ्या. एका काकूंनी कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मी हसत होते, रडत होते, सुटलेल्या वासरागत उधळले होते. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तात्या, सुटला की तुमी! लेकीनं औषिद काढलं."

सगळे तात्यांकडे बघू लागले. माझं हसूच गेलं. पण खोटं बोलवेना.

"तात्या, हे अजून उंदरापुरतंच हाय. माणसाच्या औषधाला लई वर्सं लागतील. तुमच्या हाती पडंलच असं न्हाय."

तात्यांनी किटली खाली ठेवली. छाती वाजत होती. दम खाऊन ते म्हणाले, "लई वर्सं लागत्यात, आन् तू हितं उड्या मारतीस? भणीचं लगीन तुज्याबिगर लागंल. सकाळची पयली यष्टी धर."