दुसऱ्यांदा बारसं

देवाधर्मावर माझा फारसा विश्वास नव्हता. शिवाय आपले दिवस होऊन गेलेत, हे सायखेड्याला घरच्या ओट्यावर पाय ठेवीपर्यंत मला ठाऊकही नव्हतं. वडिलांशी भांडून मी घर सोडलं होतं आणि हरिद्वारच्या एका धर्मशाळेत चपात्या भाजत होतो. फोन खिशात असायचा, घरचा नंबर पाठ होता. केला नाही, एवढंच. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, माझ्या नावानं त्याला अग्नी दिला आणि रामकुंडावर पिंडदान केलं. मी परतलो तो त्यानंतर दोन महिन्यांनी. आई पदर तोंडाला लावून उंबऱ्याच्या आतच थांबली. वडील बाहेर आले.

"माझ्या पोराला मी पाणी देऊन आलोय," ते म्हणाले. "तू कोण, मला माहीत नाय."

त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. परतीची गाडी संध्याकाळी होती, म्हणून नाशिकला येऊन रामकुंडाच्या पायरीवर बसलो. शेजारी पंचा वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी कुणाचं कार्य आहे म्हणून विचारलं. माझंच, पण ते झालंय, असं मी सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. क्रियाकर्म झालेला माणूस जिवंत परतला तर त्याला पुन्हा जन्माला घालतात, शास्त्रात तशी सोय आहे, असं म्हणून ते माझ्याबरोबर एसटीत चढले. ओळख ना पाळख. वडिलांशी ते काय बोलले, मला आजही माहीत नाही.

तूप घातलेल्या पाण्यात गुडघे पोटाशी घेऊन, मुठी मिटून बसायचं आणि नाव ठेवीपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असा विधी होता. घंगाळात मी मावेना, म्हणून मांडववाल्याचं बुंदीचं पातेलं आणलं. चाळिशीला टेकलेला बाप्या पातेल्यात बसलेला पाहून शेजारच्या बायका तोंड लपवून हसत होत्या. मलाही सगळा पोरखेळच वाटत होता.

मग कानात नाव सांगायला आत्या पुढे आली. काय नाव ठेवायचं, असं तिनं वडिलांना विचारलं. ते पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. नको म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि मला तर तोंड उघडायची मुभाच नव्हती.

"पहिलंच ठेव," शेवटी ते म्हणाले. "मला त्याच नावानं हाका मारायची सवय हाय. पुतळा जाळून आलो त्या दिवशीबी मारली."

आत्यानं नाव सांगायच्या आधीच मी रडू लागलो. नव्या जिवानं रडायचंच असतं, असं गुरुजी म्हणाले.

बोलायची मोकळीक असती, तर मी माफी मागितली असती, आणि लगेच स्वतःची बाजूही मांडली असती. आमचं पुन्हा वाजलं असतं. देवानं मला तेवढा वेळ गप्प बसवलं, ही त्याची कृपा.