खुन्यासाठी राखून ठेवलेला आवाज

गोष्टीचा शेवट आधी कळल्याशिवाय जिला सुरुवात गोड लागत नाही, अशी व्यक्ती सगळ्या न्यू जर्सीत एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची मावशी आहे. पुस्तक हातात आलं की मावशी ते पालथं घालतात आणि मागून उघडतात. सिनेमाला निघण्याआधी तो पाहून आलेल्या कुणालातरी फोन करून शेवटी कोण कोण जिवंत राहतं ते विचारून घेतात. मराठी मालिकेचा भाग सांगलीला आपल्या आधी लागतो, हा पृथ्वीच्या फिरण्याचा एकमेव फायदा आहे असं त्यांचं मत आहे. कारण सांगलीची बहीण सकाळीच फोनवर सगळं सांगून टाकते आणि मग संध्याकाळी मावशी पार्सिपनीत पाय सोफ्यावर घेऊन निवांत बसतात. एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, सगळं आधी कळल्यावर मजा काय उरते?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अरे, मी पॅथॉलॉजिस्ट. जन्मभर मेलेल्या माणसापासून सुरुवात केली आणि मागे मागे जात राहिले. उलट्या बाजूनेच कळतं सगळं."

या स्वभावाच्या बाईने आयुष्यभर वाचायला निवडलं काय, तर रहस्यकथा. त्यातही एकच मालिका. महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या लंडनमध्ये घडणारी. तिचा नायक म्हणजे बॉम्बच्या आवाजाने एक कान गेलेला एक खाजगी गुप्तहेर. एका बूट दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली आहे आणि तिथे वर्षानुवर्षं छत गळतं आहे. खिडक्यांना काळे पडदे, पडक्या घरांच्या रांगा, धुकं, कुपनावर मिळणारा चहा आणि त्या चहाच्या आशेने येणारे संशयित. मावशींना हे लंडन माहेरासारखं पाठ आहे. प्रत्यक्ष लंडनला त्या एकदाच गेल्या, विमान बदलायला, आणि परत येऊन म्हणाल्या, "फार बदललंय गं सगळं."

त्या लंडनचे परिणाम आम्हाला इथे भोगावे लागतात. एखाद्या समारंभात कुणी ताट शिगोशीग भरून घेतलं, की मावशी कुणालाही ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणतात, "त्या बिचाऱ्यांना आठवड्याला एक अंडं मिळायचं." युद्ध संपल्यावरही तिथे कितीतरी वर्षं साखर मोजून मिळत होती, याची भरपाई त्या आमच्या चहातून करतात. मी मधुमेही आहे. बिनसाखरेचा चहा मागितला की त्यांचा चेहरा असा होतो, जणू मी सगळ्या लंडनच्या त्यागावर पाणी ओतलं. आणि लेखकाने कुठे प्रेताच्या बाबतीत ढिलाई केली, तर त्याची हजेरी जेवणाच्या टेबलावर घेतली जाते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या वाट्यांत श्रीखंड पडलेलं असताना त्या म्हणाल्या होत्या, "तासाभरात पोटातलं विष सापडलं म्हणे. कुठल्या लॅबमध्ये? आमच्याकडे साधा रिपोर्ट यायला आठवडा लागायचा." माझ्या मुलाने हळूच वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाला, "आय ॲम गुड, थँक्स."

काकांचं, म्हणजे मावशींच्या यजमानांचं, सगळं याच्या उलट. काका पूल बांधणारे इंजिनिअर. पायापासून वर जायचं, मध्येच कुठे उडी मारायची नाही. पुस्तकाची प्रस्तावना, आभार, छापखान्याचं नाव, सगळं वाचून मग ते पहिल्या प्रकरणाला हात घालतात, आणि खुनी कोण हे स्वतः ओळखायचं हा त्यांचा जन्मभराचा खेळ. लायब्ररीतून नवीन पुस्तक आलं की आधी मावशी शेवट वाचायच्या, मग पुस्तक काकांकडे जायचं, आणि काकांचं होईपर्यंत मावशी तोंडाला कुलूप लावून घरात वावरायच्या. लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. मावशींच्या तोंडात त्या तिळाला मोड आले असते. काका जेवताना मुद्दाम म्हणायचे, "मला त्या घरमालकिणीचा संशय येतोय." मावशी आमटी वाढायच्या. "तिचा भाऊ असेल का?" मावशी पुन्हा आमटी वाढायच्या. एवढ्या वर्षांत एक अक्षर त्यांनी फुटू दिलं नाही, आणि या गोष्टीचा त्यांना आपल्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे.

मग काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी अक्षरं वाकडी दिसायला लागली, मग ओळीच्या मधलेच शब्द गायब व्हायला लागले. सांता क्लाराला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, "मॉम, जस्ट गेट हिम द ऑडिओबुक." मावशी तोवर अधूनमधून वाचून दाखवत होत्या, पण तेही करून झालं. एका भारदस्त इंग्रज आवाजाने पहिलं प्रकरण वाचलं. काकांनी ते मान खाली घालून ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. "हा माणूस सगळ्यांशी सारखाच वागतो," ते म्हणाले. "याच्याकडून काही कळायचं नाही." तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ मला लागला नव्हता.

तेव्हापासून मावशीच रोज वाचून दाखवायला लागल्या. मी आणि ही रविवारी एडिसनहून जातो, तेव्हा हा कार्यक्रम आम्हालाही घडतो. मावशी वाचतात इंग्रजीतून आणि सांगतात मराठीतून. त्यामुळे त्यांच्या लंडनमधला इन्स्पेक्टर "काय हो, काल कुठं होता?" असं विचारतो, आणि घरमालकीण भाडेकरूला म्हणते, "पाय पुसून आत ये, आत्ताच फरशी पुसलीय." आवाज सगळ्यांसाठी एकच असं मला वाटायचं, भाजीवाल्याशी घासाघीस करतानाचा. आणि शेवट मात्र अजूनही त्या आधी वाचून घ्यायच्या, स्वयंपाकघरात, दार लोटून.

एका रविवारी मावशी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा काका माझ्याकडे झुकले. पुस्तक जेमतेम सुरू झालं होतं. "तो औषधाच्या दुकानातला माणूस आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"खुनी."

त्या माणसाने तोवर फक्त खोकल्याचं औषध बांधून दिलं होतं. मी विचारलं, कशावरून. काका गालातल्या गालात हसले. "अरे, तिला माहीत असतं ना, शेवटी हा फासावर जाणार म्हणून. त्या काळात लटकवायचे रे तिथे. तिला त्याची कीव येते. तो आला की हिचा आवाज मऊ होतो. पाहुणा निघताना 'अजून थोडा भात घे' म्हणते ना, तो आवाज. नीट ऐक." मावशी ट्रे घेऊन आल्या आणि वाचायला लागल्या. औषधवाला दुकानाची फळी लावत होता. मावशींच्या आवाजात तो अशा मायेने फळी लावत होता, की मला त्याला हात द्यावासा वाटला. "तिला सांगू नकोस," काकांनी आधीच बजावलं होतं. "तिला वाटतं तिच्या पोटात सगळं राहतं."

पुस्तक संपलं तेव्हा औषधवालाच निघाला. काकांनी असं आश्चर्य दाखवलं, की मावशी आठवडाभर खूष होत्या.

पुढे एकदा काकांना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दवाखाना आमच्या बाजूला होता, म्हणून गाडी मी चालवत होतो. तपासणी झाल्यावर डॉक्टर मावशींना बाजूला घेऊन बोलले, एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी बोलतो तसं. आम्ही गाडीत बसलो. मावशींनी काकांचा पट्टा स्वतः लावला आणि म्हणाल्या, "काही विशेष नाही हो. औषध चालू ठेवू म्हणाले. तुम्हाला भूक लागली असेल ना? ओक ट्री रोडला थांबू या का? डोसा खाल?"

मी आरशात पाहिलं. तोच आवाज होता.

काका मावशींकडे वळले. मग म्हणाले, "अगं, कळलं मला खुनी कोण ते."

मावशींना आधी काही समजलं नाही. मग काकांनी त्यांना सगळं सांगितलं, औषधवाल्यापासून. मावशी इतक्या भडकल्या, की डॉक्टर, डोळे सगळं विसरल्या. "म्हणजे प्रत्येक पुस्तकात? तो माळी खुनी निघाला तेव्हासुद्धा? आणि मी मूर्खासारखी जीव मुठीत धरून वाचतेय. आणि जावईबापू, तुम्हालाही माहीत होतं?" एरवी मला अरे-तुरे करणाऱ्या मावशी रागावल्या की अहो-जाहो करतात. मी सिग्नलकडे लक्ष दिलं. हे सगळं चालू असतानाच त्यांचा धीर सुटला, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सरळ सांगून टाकलं. कडेकडेचं दिसत राहील, घरातल्या घरात वावरता येईल. मधलं आता परत येणार नाही. वाचता येणार नाही, आणि हळूहळू माणसांचे चेहरेही कळणार नाहीत.

"बरं," काका म्हणाले. "डोसा खाऊ या मग." आम्ही डोसा खाल्ला. मावशींनी माझ्याशी बोलणं सांबारापुरतं ठेवलं.

मालिकेतलं शेवटचं पुस्तक तेवढं राहिलं होतं. मावशींनी जाहीर केलं की या वेळी त्या शेवट वाचणार नाहीत. काकांचा जन्मभराचा खेळ आपल्या आवाजाने मोडला, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. डोळे परत देता येत नाहीत, निदान एक रहस्य तरी नीट देऊ, असा त्यांचा हिशेब. पण व्यसनी माणसाची तंबाखू सुटावी तसे त्यांचे हाल झाले. भाजी करपली, वरणात मीठ दोनदा पडलं. शेवटी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून पुस्तक हातात दिलं. "तू वाच शेवट. मला सांगू नकोस. पण घरात कुणालातरी माहीत असू दे रे, मला झोप लागत नाही." मी तिथेच उभ्याने शेवट वाचला आणि बाहेर येऊन गप्प बसलो. काका लगेच माझ्याकडे कान करून म्हणाले, "काय रे, चहा घेणार का अजून?" मी फक्त मान हलवली. मग त्यांना ती दिसणार नाही हे लक्षात येऊन 'नको' म्हणालो, तेही जमेल तितक्या कोरड्या आवाजात.

मावशी नेटाने वाचत होत्या. खुनी कोण ते त्यांनाही माहीत नसल्याने सगळ्यांवर सारख्याच डाफरत होत्या. काकांचे अंदाज एकामागून एक चुकत होते. मला वाटलं, आता काका खुशीत असणार, एवढ्या वर्षांनी खरंखुरं रहस्य मिळालं. पण काका दर रविवारी जास्तच गप्प दिसायला लागले. परवा मध्येच त्यांनी हात वर केला.

"अगं, तू आपला शेवट वाचून घे."

"का? तुम्हालाच तर ओळखायचं असतं ना स्वतः?"

"ते गेलं खड्ड्यात," काका म्हणाले. "या पुस्तकात तू कुणाशीच नीट बोलत नाहीस."

मावशींनी पुस्तक मिटलं. काका त्यांच्या दिशेने, पण जरा बाजूला बघत होते. ते हल्ली तसंच बघतात, कडेने थोडंफार दिसतं म्हणून.

"मला तुझा चेहरा नीट दिसत नाही आता," ते म्हणाले. "तो आवाज आला ना, की तू कशी दिसत असशील ते आठवतं."

ही उठून उगीचच खिडकीपाशी गेली. मावशी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. चष्मा पदराने पुसला, पान शोधलं आणि वाचायला लागल्या.

आधी दूधवाला आला. तो त्या आवाजात आला. मग इन्स्पेक्टर आला, तोही त्याच आवाजात. भांडखोर घरमालकीण, तिचा भुरटा भाऊ, गळक्या छताखाली बसलेला एका कानाने बहिरा गुप्तहेर, इतकंच काय, जिन्यात आडवं येणारं मांजरसुद्धा. 'अजून थोडा भात घे'च्या आवाजात मावशी एकेकाला आत घेत होत्या, बसवत होत्या, कुपनावरची साखर त्यांच्या कपात घालत होत्या. यांतला एक खुनी होता आणि मला तो माहीत होता. पण माहीत नसता तर मीही ओळखू शकलो नसतो.

काकांनी पानभर ऐकलं. "आता मी ओळखायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"नका ओळखू," मावशी त्याच आवाजात म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी करून पुढे वाचायला लागल्या.