आत्याचे सतरा आजार

माझ्या आत्याला कोर्टात सगळे माफीताई म्हणतात. बावीस वर्षं ती एकाच वकिलाकडे कारकून होती. काम व्यापारी दाव्यांचं. तिथे अपील करायला साठ दिवस. चुकले, तर विलंब माफीचा अर्ज आणि उशीर का झाला हे शपथेवर सांगणारं प्रतिज्ञापत्र. साहेबांचं कारण ठरलेलं: कारकून आजारी, फाइल तिच्या कपाटात अडकली. खाली सही आत्याची. कागदोपत्री तिला सतरा आजार होऊन गेलेत. तीनदा टायफॉइड, दोनदा कावीळ, शिवाय डावा पाय मोडलेला. प्रत्यक्षात ती साधी शिंकत नाही.

"गर्भाशय तेवढं शाबूत ठेवलंय मेल्यांनी," ती म्हणायची.

त्या सकाळी साहेब चहात बिस्किट बुडवत होते. तुकडा गळून आत पडला. त्यांनी तो दोन बोटांनी काढून खाल्ला आणि बोटं समोरच्या फायलीला पुसली. आत्याने फाइल चिमटीत धरून बाजूला सरकवली. फाइल पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखानदाराची होती. तोही तिथेच बसला होता. खालच्या कोर्टात तो हरला होता. अपील दाखल झालं नाही, तर त्याचं एकुलतं मशीन जप्त होणार. आणि उशीर एक्केचाळीस दिवसांचा.

"माफीताई, या वेळी न्यूमोनिया घ्या," साहेब म्हणाले. "गेल्या महिन्याच्या तीन तारखेपासून. डॉक्टरचा कागद येतोय."

आत्याने आपली वही उघडली. कुठली फाइल कधी कोणाच्या हातात दिली, सगळं तिच्यात. "नऊ तारखेला मी कोर्टात उभी होते. सिमेंटवाल्याच्या केसमध्ये शपथ घेतली."

"कशाची?"

"कावीळ झाली होती, आता बरी आहे, याची."

कारखानदार फिस्सकन हसला.

"मग दहापासून आजारी पडा. आधीचे दिवस निधनात टाकू. आई कितीदा गेली?"

"दोनदा." आत्याने पान पुढे सरकवलं. "साहेब, ही फाइल मुदतीच्या वीस दिवस आधी तुम्हाला दिली. ही तुमची सही. नंतर चारदा आठवण केली. ती तुमच्या गाडीच्या डिकीत होती, स्टेपनीखाली."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. आत्या कारखानदाराकडे वळली. "ऐकलंत ना?"

तो साहेबांकडे बघत म्हणाला, "असेल हो. पण करून टाका ना सही, ताई. तुमचं काय जातं?"

साहेबांची किळस तिला रोजचीच होती, दातातला वेलदोडा शोधणाऱ्या त्या जिभेसकट. त्या क्षणी मात्र स्वतःच्या उजव्या हाताची आली. अंगठ्याला शाई होती. ती पदराला पुसून टाइप करायला बसली. सहा ओळी. मी आजारी नव्हते, फाइल वेळेवर दिली, वहीच्या पानाची प्रत सोबत.

"सही करते. यावर."

"हे दिलं तर माझी अब्रू?"

"कावीळ समजा. उतरते."

साहेबांनी तिथल्या तिथे तिच्याकडून ऑफिसच्या किल्ल्या काढून घेतल्या. कारखानदार हिरमुसून गेला. पण तिच्या सहीचा कागद घडी करून खिशात घालायला विसरला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच्या नव्या वकिलाने तो कोर्टात लावला आणि आत्याला बोलावलं. न्यायाधीशांनी नाव वाचून चष्मा काढला.

"तुम्ही परत? आता काय झालं?"

"काही नाही. कधीच काही झालं नव्हतं."

"म्हणजे आधीची प्रतिज्ञापत्रं?"

"खोटी. सगळी."

अशिलाचा दोष नाही म्हणून उशीर माफ झाला. कारखानदार आनंदात निघून गेला, आत्याच्या अंगावरून, ओळख न दाखवता. तिला खोट्या शपथांबद्दल नोटीस आली. उत्तराला तीस दिवस.

ती त्याच दुपारी आमच्या टेबलाशी वही घेऊन उत्तर लिहायला बसली.

"अगं आत्या, महिना आहे की. वकील गाठू एखादा चांगला."

"नको. तो पहिल्यांदा विचारेल, तुम्हाला बरं नाही असं लिहू का," ती म्हणाली आणि साबणाने हात धुऊन यायला उठली.