डॉक्टरअक्का वार बघतात

बाळापेक्षा वारेवर जास्त जीव असलेली बाळंतपणाची डॉक्टर जगात एकच असेल, आणि ती आमच्या औरादला होती. बाळ रडलं, पुसलं, आईच्या कुशीत दिलं की डॉक्टरअक्कांच्या लेखी काम अर्धंच झालेलं असायचं. मग बाळामागून वार पडायची, ती धुऊन, उलटीपालटी करून, काट्यावर ठेवून बघेपर्यंत बाहेरच्यांना मुलगा की मुलगी तेही कळायचं नाही. एका जावयानं घाई केली तर म्हणाल्या, "नऊ महिने पोराचं फुप्फुस, मूत्रपिंड, स्वयंपाकघर सगळं हीच होती. हिला दोन मिनिटं द्या की."

ओळखीची गरोदर बाई रस्त्यात भेटली तर जेवलीस का असं त्या विचारत नसत. ताप येऊन गेला का, असं विचारत. आठवडी बाजारात त्यांनी फ्लॉवरचा गड्डा फोडून, वारेचे तुरे आईच्या रक्तात कसे बुडालेले असतात, हे भाजीवालीला समजावलं. तिनं त्या दिवसापासून घरी फ्लॉवर शिजवला नाही.

माझी सून बाळंत झाली तेव्हा मी सगळी तयारी पिशवीत भरून नेली होती: दुपटी, टोपडी, सुती साड्या, वार पुरायला मडकं. नात झाली, पण अगदीच बारीक. सातव्या महिन्यात सुनेला विषाणूचा ताप आला होता. तेवढ्यावरून माझी नणंद खाटेशेजारीच सुरू झाली, की उदगीरच्या लग्नाला हौसेनं गेली आणि पोटातल्या लेकराला ताप घेऊन आली. सून भिंतीकडे तोंड करून पडली. बाळाला छातीशी घ्यायलाही तयार होईना.

अक्का वारेचा ट्रे घेऊन आत आल्या. वारेवरचे फिकट, टणक डाग बोटानं दाखवत म्हणाल्या, तापात इथलं रक्त अडलं असावं, म्हणून पोरीला खुराक कमी पोचला. तुकडा तपासणीला पाठवल्यावर पक्कं सांगेन. नणंद म्हणाली, "म्हणजे लग्नातलाच ताप की."

"त्याच आठवड्यात माझ्याकडं खोकत कोण आलं होतं, ताई?" अक्कांनी विचारलं. नणंद खाटेपासून मागं सरली. "ताप कुणाकडून आला ते ह्या वारेवर लिहिलेलं न्हाई. किती सोसलं तेवढंच दिसायलंय. एवढं अडलं तरी हिनं पोरीला शेवटपर्यंत पोसलंय."

सुनेनं मान वळवली. ट्रेकडे बघितलं, मग बाळासाठी हात पुढे केले. मडकं पुरायला नणंद स्वतः गेली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

नात आता अंगणभर पळते. अक्का दवाखाना बंद करून मुलाकडे कलबुर्गीला गेल्या. सुनेला पुन्हा दिवस गेलेत. नव्या डॉक्टर हुशार आहेत, गोड बोलतात. परवा कपड्यांच्या घड्या घालताना सून मला म्हणाली, "आई, औंदा ताप-बीप काय न्हाई. समदं बरं हाय. पण वार कोण बघंल?"

मी पुढची घडी घातली.